डिझेलचं लिटर आणि विजेचं युनिट : एका मच्छीमार सोसायटीचं प्रकरण

रायगड जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या मच्छीमार सहकारी सोसायटीची ही हकीकत. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, सोसायटीचे स्वतःचे आकडे थोडे ढोबळ केले आहेत. मी तिथे गेलो होतो बर्फ कारखान्याची वीज-तपासणी करायला, दोन दिवसांच्या कामासाठी. पुढची काही वर्षं जात-येत राहिलो, आणि सभांच्या कोपऱ्यात बसून बरंच ऐकलं.

पार्श्वभूमी

सोसायटीच्या 40-42 यांत्रिक नौका आहेत. बहुतेक ट्रॉलर, पहाटे निघून संध्याकाळी परतणारे. सोसायटीचा स्वतःचा डिझेल पंप आहे, बर्फाचा कारखाना आहे आणि जाळी शिवायला एक लांब शेड. सभासद डिझेल सोसायटीच्या पंपावरूनच घेतो, कारण सरकारकडून विक्रीकराचा परतावा मिळतो तो या पंपाच्या पावतीवर. परतावा वेळेवर येत नाही, ही तक्रार किनाऱ्यावर कुठेही ऐकायला मिळेल. पण उशिरा का होईना, येतो.

एका ट्रॉलरला दिवसाच्या फेरीला साधारण 180 लिटर डिझेल लागतं. बर्फ, खलाशांचा वाटा, जाळ्यांची दुरुस्ती हे सगळं मिळूनही डिझेलच्या खर्चाला गाठत नाही. मासळी मिळो न मिळो, हे 180 लिटर जळतातच.

एक गोष्ट मला तिथे नेहमी खटकायची. 1974 साली याच समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र सापडलं. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येतं, त्यामुळे याच समुद्रात जाळी ओढणाऱ्या बोटीच्या टाकीतला भाव ठरतो तो आखातात नाहीतर युक्रेनमध्ये.

अडचण

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कच्च्या तेलाचे भाव चढले. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांचे भाव मात्र आधीच्या नोव्हेंबरपासून गोठलेले होते. कंपन्यांनी ती कसर घाऊक ग्राहकांवर काढली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत घाऊक डिझेल लिटरला 122.05 रुपये झालं, तर साध्या पंपावर तेच 94.14 ला मिळत होतं. सोसायटीचा पंप कंपनीच्या कागदावर घाऊक ग्राहक. म्हणजे ज्याला डिझेल सगळ्यात जास्त लागतं, त्यालाच ते 28 रुपयांनी महाग.

180 लिटरला 28 रुपये लावून बघा. फेरीमागे पाच हजारांवर ज्यादा खर्च. निम्म्या बोटी आठवडाभर जेटीला बांधलेल्या होत्या.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. जानेवारी 2013 मध्ये घाऊक डिझेलचा भाव असाच वेगळा केला होता. तेव्हा एसटीच्या बसगाड्या आपला डेपोतला पंप सोडून बाहेरच्या पंपावर रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना आठवतात. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव पूर्ण खुले झाले, फरक मिटला, आणि सोसायटीत त्या पावणेदोन वर्षांची आठवणही मिटली. जुनी इतिवृत्तं चाळताना मला 2013 चा एक ठराव सापडला : ‘डिझेलवरील अवलंबित्व कमी करण्याचे उपाय शोधण्यासाठी समिती नेमावी.’ समिती नेमली होती. तिची एकही बैठक झालेली नव्हती.

समोर असलेले पर्याय

मार्च अखेरीस खास सभा बोलावली. जाळ्यांच्या शेडमध्ये दीडशे माणसं, पंखे दोन. पाच पर्याय पुढे आले, पण सभेत ते असे नीट रांगेने आले नव्हते. तीन तास आरडाओरडा झाला, त्यातून मी हे वेचले.

मोर्चा आणि निवेदन. हे झालंच, आणि ते व्हायलाही हवं होतं. अन्यायच होता तो.

बाहेरच्या पंपावरून ड्रम भरून आणणं. काहींनी आणलेही. पण टेम्पोचं भाडं, ड्रममधून डिझेल नेण्यावरचे नियम आणि गेलेला परतावा धरला तर 28 रुपयांतले जेमतेम निम्मे हाती उरत.

सोसायटीच्या पंपाचा किरकोळ विक्रीचा पंप करून घेणं. मार्ग बरोबर, पण कागदपत्रांचा. एक हंगाम तरी जाणार.

चौथा पर्याय एका तरुण सभासदाने मांडला आणि सभा तिथेच अडकली. त्याने मोबाइलवर केरळमधली ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट दाखवली. वैकोम ते तवणकडवू अशी ती जानेवारी 2017 पासून चालते, 75 प्रवासी नेते. “तिकडे जमतंय तर इथे का नाही?” प्रश्न रास्त होता. पाठोपाठ दोन तट पडले. एका बाजूला ‘डिझेलचे दिवस भरले’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘सोलरवर काय मासे सुकवायचे काय’ म्हणणारे. वर्तमानपत्रात देशाच्या पातळीवर जो वाद वाचतो, तोच इथे, फक्त आवाज मोठा.

मला कुणीतरी फळ्याकडे ढकललं. मी हिशेब मांडला तो असा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त पंख्यापर्यंत पोचवतं, म्हणजे साडेतीन युनिट. 180 लिटर म्हणजे 630 युनिट. केबिनच्या टपावर फार तर 12 चौरस मीटर जागा. तिथे अडीच किलोवॅटची पॅनेलं बसतील, दिवसाला 10 युनिट देतील. म्हणजे तीन लिटर डिझेल. उरलेलं बॅटरीत भरून न्यायचं तर नुसत्या बॅटरीचं वजन चार टनांच्या वर. ती फेरीबोट शांत पाण्यात दहा-पंधरा मिनिटांचा पल्ला मारते, मागे जाळं ओढत नाही, आणि परत धक्क्याला लागते.

तरुण पोरगा हिरमुसला. पण पुढे सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं, हे इथेच सांगून टाकतो.

एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, तोवर गप्प होते. ते फळ्याकडे बघत म्हणाले, “तीन लिटर? तेवढं तर मी गियरवरचा हात सैल सोडला तरी वाचवीन.” लोक हसले. हा पाचवा पर्याय होता आणि त्या सभेत त्याची नोंदही झाली नाही. इतिवृत्तात ‘सौर ऊर्जेबाबत सविस्तर चर्चा झाली’ एवढंच आहे.

काय केलं

सभेने ठरवलं ते असं : बोटीवर सोलर जमत नसेल तर बर्फ कारखान्यावर बसवा. मीही मान डोलावली. आता मागे वळून बघताना, पहिली चूक इथे झाली आणि तीत माझा वाटा आहे.

कारखान्याचं गणित सोलरला फार अनुकूल होतं, हे खरं. एक टन लादी बर्फाला 60-70 युनिट वीज लागते. मिठाच्या पाण्याच्या टाकीत बर्फाचे डबे बुडवलेले असतात, लादी गोठायला एक-दीड दिवस लागतो. त्यामुळे दुपारी कॉम्प्रेसर जोरात चालवून टाकी खूप थंड करून ठेवली की रात्री कमी चालवलं तरी भागतं. बॅटरीचं काम टाकीच करते. आणि कोकणात ज्या दोन महिन्यांत ऊन नसतं, त्या जून-जुलैत मासेमारी बंद, कारखानाही बंद. इतका जमून आलेला जोडा क्वचित पाहायला मिळतो.

पण गावाच्या मनात 3 जून 2020 ताजी होती. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं तेव्हा या कारखान्याचे पत्रे अर्धा किलोमीटरवर नारळीत अडकले होते. नंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या काळात मोबाइल चार्ज करायलासुद्धा लोक सोसायटीच्या जनरेटरपाशी यायचे. “त्या टायमाला डिझेलनेच जगवलं,” हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलं. ज्यांना आपण बदलाचे विरोधक म्हणतो, त्यांच्याकडे असा एखादा अनुभव असतो आणि तो खोटा नसतो.

तेव्हा आधी छप्पर बदललं, सांगाडा मजबूत केला, मग पॅनेलं. 60 किलोवॅट, कारखाना आणि जाळ्यांची शेड मिळून. पैशाचे दोन मार्ग होते. ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बसवायचं आणि सोसायटीने त्याच्याकडून युनिटच्या दराने वीज घ्यायची, किंवा बँकेचं कर्ज काढून स्वतःचं बसवायचं. चेअरमन कर्जाच्या बाजूचे होते : 25 वर्षांचा करार म्हणजे आपल्या छपरावर दुसऱ्याचा सातबारा. कर्ज काढलं. छप्पर धरून खर्च पस्तीस लाखांच्या आसपास गेला.

दरम्यान त्या तरुणाने तांडेलांचं वाक्य डोक्यात ठेवलं होतं. बंदी संपून ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या तेव्हा त्याने दहा बोटवाल्यांना वह्या दिल्या. किती लिटर भरलं, किती वाजता निघालो, येताना इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर चालवलं. परतताना 1700 ऐवजी 1500 फेऱ्यांवर यायचं, एवढीच अट. बोटीचा वेग थोडा वाढवायला इंजिनाला त्याच्या कितीतरी पट ताकद लावावी लागते, आणि वेग उतरवला की हेच उलटं लागू होतं. दोन तासांची परतीची वाट सव्वादोन तासांची झाली आणि फेरीमागे आठ-नऊ लिटर वाचलं. टपावरच्या पॅनेलच्या तिप्पट, खर्च शून्य.

मग सगळे असं का करत नव्हते? लिलावामुळे. जेटीवर पहिली लागणारी बोट चांगला भाव घेते. पंधरा मिनिटं उशीर म्हणजे पाच-सहा बोटींच्या मागे, आणि मागच्याला उतरता भाव. आठ लिटर वाचवायला कोण शर्यत हरेल?

उपाय सुचला तो असा : लिलाव ठरावीक वेळी, घंटा वाजवून. तोवर आलेल्या सगळ्या बोटींचा क्रम चिठ्ठीने. समितीने ठराव केला, फलक लावला. दुसऱ्याच दिवशी टोपल्या घेऊन बायका कार्यालयात. लिलावातून माल घेऊन गावोगाव विकणाऱ्या या कोळणी, आणि त्यांची शेवटची एसटी घंटेच्या आधी सुटत होती. “आमाला कोनी विचारलं?” या प्रश्नाला समितीकडे उत्तर नव्हतं, कारण समितीत सगळे बोटमालक. इंधन बचतीचा विषय, त्यात टोपलीवालीचा काय संबंध, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

आठवडाभर जुनी पद्धत परत आली. मग त्यातल्याच एका आजींनी तोडगा दिला : लवकर आलेल्या बोटींचा थोडा माल छोट्या वाट्यांमध्ये आधी काढायचा, तो फक्त किरकोळ विकणाऱ्यांना. मोठ्या व्यापाऱ्यांचा लिलाव घंटेनंतर. हे चाललं.

काय निष्पन्न झालं

2023 च्या मार्चपर्यंत पॅनेलं सुरू झाली. कारखान्याच्या विजेची साधारण पाव गरज त्यातून भागू लागली, बिल दिसण्याइतकं उतरलं. पेढे वाटले.

एप्रिलमध्ये भर दुपारी वीज गेली. डोक्यावर रणरणतं ऊन, छपरावर 60 किलोवॅट, आणि कॉम्प्रेसर ठप्प. ऑपरेटरने धावत जाऊन जनरेटर सुरू केला. बाहेर जमलेल्यांतला एक जण वर बघून म्हणाला, “हे काय मग शोभेला लावलंय?”

विजेच्या लाइनला जोडलेली यंत्रणा लाइन गेली की आपोआप बंद होते. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसेल. बसवणाऱ्याने हे सांगितलं होतं, कोटेशनच्या मागच्या पानावर. सभेत कुणीच सांगितलं नव्हतं. निसर्ग वादळातून गेलेल्या गावाला सोलरकडून पहिली अपेक्षा कुठली असणार, हे मला कळायला हवं होतं.

त्या रात्री मी दुसरा एक हिशेब केला आणि तो जास्त बोचरा निघाला. सोसायटीची ओरड डिझेलची होती. कारखान्यात लाइनवरून येणारी वीज मुख्यतः कोळशाची. आपल्याकडे तेलापासून वीज जवळजवळ कुणी करत नाही. म्हणजे पस्तीस लाखांच्या त्या यंत्रणेने बिल वाचवलं, कोळसा वाचवला, पण डिझेलचा एक थेंबही वाचवला नव्हता. कारखान्यात डिझेल जळत होतं ते फक्त जनरेटरमध्ये, आणि जनरेटर सुरू असताना पॅनेलं बंद. तेलावरचं अवलंबित्व कमी करण्याचा ठराव झाला होता आणि आम्ही भलत्याच नळाची तोटी पिळत होतो. टीव्हीवरच्या चर्चांत ‘तेलाला पर्याय सौर-पवन’ असं एका दमात म्हणतात तेव्हा मला आता तो कॉम्प्रेसर आठवतो. सौर वीज तेलाला पर्याय होते, पण तेल जाळणारं यंत्र आधी विजेवर यावं लागतं.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. 2024 मध्ये एक नियंत्रक बसवला. त्यामुळे लाइन गेली की जनरेटर सुरू होतो आणि पॅनेलं त्याच्या जोडीला चालतात. जनरेटरवरचा भार त्याच्या क्षमतेच्या 30 टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नसतो, म्हणून नियंत्रक गरजेप्रमाणे पॅनेलांना आवरतो. जनरेटरच्या एका लिटरमागे तीन-साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे डिझेल 94 रुपये धरलं तर युनिट 27-31 रुपयांना पडतं. लाइनच्या विजेच्या तिप्पट. यंत्रणेतला हा सगळ्यात छोटा खर्च, आणि डिझेल वाचवणारा एकमेव.

बोटींचं काय झालं? किरकोळ डिझेलही 2022 च्या एप्रिलमध्ये मुंबईत 104.77 पर्यंत चढलं होतं. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क 6 रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने कर 3 रुपयांनी. पुढे जागतिक भाव खाली आले आणि घाऊक-किरकोळ फरक हळूहळू मिटला. त्याबरोबर वह्याही बंद पडल्या. दहापैकी तीन बोटवाले अजून हळू येतात. बाकीच्यांपैकी एकाने सरळ सांगितलं, “फरक पडत होता तेव्हा केलं, दादा.” घंटेचा लिलाव मात्र टिकला. डिझेलशी त्याचा संबंध आता कुणाला आठवत नाही, पण बायकांना तो सोयीचा वाटतो आणि त्या तो मोडू देत नाहीत.

पंपाचा किरकोळ पंप करण्याची फाइल भाव उतरल्यावर कपाटात गेली.

पुन्हा करायचं झालं तर

वह्या आधी, पॅनेलं मागाहून. कुठलं डिझेल कुठे जळतं याची दोन महिन्यांची नोंद असती तर त्या सभेत सोलर की डिझेल हा वादच झाला नसता. बोटीचं जाताना-येतानाचं डिझेल, जाळं ओढतानाचं, जनरेटरचं, बर्फ आणि मासळी नेणाऱ्या टेम्पोचं, या चार वेगळ्या चीजा आहेत. पहिल्याला वेग उतरवणं आणि बोटीचं बूड घासून साफ ठेवणं पुरतं. जाळं ओढणाऱ्या डिझेलला आज तरी पर्याय नाही, आणि तसं सांगून टाकायला हवं होतं. टेम्पो विजेवर येऊ शकतो. त्याचा तर विषयच निघाला नाही, कारण टेम्पो सोसायटीचे नाहीत.

नियंत्रकाचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरायला हवा होता. सांगाड्यावरही घाई झाली. साधे गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प दुसऱ्या पावसाळ्यानंतर खाऱ्या हवेने गंजले, काही बदलावे लागले. किनाऱ्यावर अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसचे नट-बोल्ट, हा नियम तिथल्या कुठल्याही बोट बांधणाऱ्याने फुकट सांगितला असता. विचारलं नाही.

कर्जाच्या निर्णयाबद्दल मी आजही दोन मनांत आहे. यंत्रणा स्वतःची असल्यामुळे नियंत्रक जोडताना कुणाची परवानगी लागली नाही, हा मोठा फायदा. पण ठेकेदाराची असती तर गंजलेले क्लॅम्प त्याचे असते. शिवाय 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, वीजदरात सवलतीची घोषणा झाली. कारखान्याची लाइनची वीज स्वस्त झाली तर पॅनेलांची परतफेड चार-पाच वर्षांवरून लांबेल. 2022 मध्ये हे कुणाला दिसणार होतं?

आणि सभेला दीडशे बोटमालक-खलाशी होते, त्यात शंभर टोपलीवाल्या हव्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा तो तरुण आता समितीवर होता. 2013 च्या त्या ठरावाची प्रत त्याने फ्रेम करून कार्यालयात लावली आहे, डिझेलच्या भावाच्या फळ्याशेजारी. फळ्यावर भाव खडूने लिहिलेला होता. खाली त्याने एक रकाना नवा आखलाय : ‘काल पंपावरून गेलेलं डिझेल – बोटी / जनरेटर’. त्या दिवशी जनरेटरच्या खाली 11 लिटर होते. बोटींचा आकडा वाचायला मी खिशातून चष्मा काढला, तर तो आकडा कुणीतरी हाताने पुसून टाकला होता.